पाटी वाळेपर्यंत

१

छातीचा एक्स-रे काढायच्या पाटीला माणूस मिठी मारतो. त्याला दुसरा शब्द नाही. हनुवटी वरच्या कडेवर टेकवायची, उघडी छाती पाटीला भिडवायची, खांदे पुढे टाकून दोन्ही हात बाजूंनी वळवायचे आणि काचेआडची बाई सांगेल तेव्हा श्वास रोखून धरायचा. आमच्या मेसाबीच्या पट्ट्यात लोखंडाच्या खाणीत हयात घालवलेले बाप्ये तर चारचौघांत सांगतात, की बायकोला मारली नसेल इतक्या वेळा आम्ही या पाटीला मिठी मारली आहे. त्यांच्या बायका यावर हसत नाहीत.

एकामागून एक इतकी माणसं बिलगून गेल्यावर पाटीवर काय मागे राहतं, याचा विचार कुणी करत नाही. घाम, थुंकी, खोकल्याचे शिंतोडे, तंबाखूचा कण. तो विचार आइली नीमेलानं जन्मभर केला. आमच्या छोट्या इस्पितळातल्या एक्स-रेच्या खोलीत ती तरुणपणी आली आणि केस पांढरे होईपर्यंत राहिली. तिचं पाटी पुसणं उभं राहून बघावं असं होतं. दर माणसामागे नवं फडकं. आधी नुसती घाण काढायची, मग दुसरं फडकं घेऊन जंतू मारायचे. वरून खाली यायचं, स्वच्छ भागाकडून घाणेरड्या भागाकडे जायचं, आणि एकदा हात फिरला तिथं त्याच फडक्यानं परत जायचं नाही. हनुवटीची कड, बाजूच्या मुठी, आणि मुठींची मागची बाजू, जिथं धरणाऱ्याची बोटं वळतात आणि पुसणाऱ्याचा हात सहसा पोचत नाही, तिथंही तिचा हात पोचायचा.

आणि मग थांबायचं. खरी गोम थांबण्यात आहे. औषध पाटीवर ओलं राहिलं तरच जंतू मरतात, आणि किती वेळ ओलं राहायला हवं ते डब्यावर छापलेलं असतं. पण बाहेर रांग असली की कोण थांबतं? लोक पुसतात, टॉवेलनं कोरडं करतात आणि पुढच्याला हाक मारतात. आइली थांबायची. हात बांधून, पाटीकडे तोंड करून, शेवटचा ओला ठिपका वाळेपर्यंत. डॉक्टर चिडले, साहेबलोक चिडले, रांगेतले तर रोजच चिडायचे. ती वळूनसुद्धा बघायची नाही. जोलीन झुपान तिच्या हाताखाली शिकली ती हे थांबणंच. आइली निवृत्त झाली आणि खोली जोलीनच्या ताब्यात आली, तेव्हा तिला मनापासून वाटलं, की या बाईच्या निम्मं जरी आपल्याला साधलं तरी पुष्कळ झालं.

२

जानेवारीतली एक सकाळ होती. शाळेतल्या एका बाईंचा फोटो काढून झाला होता. बाई चणीनं एवढ्याशा. त्यांच्यासाठी पाटी पार खाली उतरवावी लागली होती. त्या गेल्यावर जोलीननं पाटी वर घेतली, पुसली आणि हात बांधून उभी राहिली.

पाटी मधूनच वाळायला लागली.

ओल नेहमी कडांकडून हटते, नाहीतर वरून, जिथं छताच्या जाळीतला गरम वारा लागतो. ही मधून हटली. आधी दोन लांबट कोरडे डाग पडले, शेजारी शेजारी. ते वाढत एकमेकांना मिळाले आणि वरच्या बाजूला रुंद झाले. मग हनुवटीच्या कडेवर बोटभर जागा कोरडी झाली. सगळ्यात शेवटी दोन्ही बाजूंच्या कडांवर बोटं उमटली, एकेक करून. भोवतालची ओल तशीच चकाकत होती.

जोलीन हसली. बाईंच्या अंगाला काहीतरी तेलकट लावलेलं असणार, ते नीट निघालं नाही, आपलंच पुसणं कच्चं. आइली असती तर तिनं नुसत्या भुवया उंचावल्या असत्या. जोलीननं नवं फडकं घेऊन पुन्हा पुसलं. पुन्हा तेच डाग, त्याच क्रमानं. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की या खांद्यांत त्या बाई दोनदा मावल्या असत्या, आणि पाटी आत्ता ज्या उंचीला आहे त्या उंचीला त्यांचं डोकंही पोचलं नसतं.

तिसऱ्यांदा पुसल्यावर पाटी कडांकडून वाळली, रोजच्यासारखी. जोलीननं पुढच्याला आत बोलावलं आणि दुपारी जेवताना ती हे विसरूनही गेली.

३

विसरली, पण ते परत आलं. आठवड्यातून एकदा, मग दोनदा. वेळ ठरलेली नव्हती, माणूस ठरलेला नव्हता. एकदा तिनं हातमोजा काढून त्या कोरड्या भागावर तळवा ठेवला. गरम होता. चटका बसावा असा नाही. कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीइतका.

डुलुथ शहरातून यंत्रं तपासायला येणारा मेकॅनिक ठणठणीत बुद्धीचा होता. त्यानं पाटी उघडली, बंद केली आणि सांगितलं, की आतले भाग चालू असताना तापतात, मध्यभागी जास्त तापतात, त्यामुळे मध्यभाग आधी वाळणारच. मग बोटांचं काय, असं जोलीननं विचारलं. तो म्हणाला, इतकी वर्षं लोक तिथंच धरतात, वरचा लेप झिजला असेल. त्याच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. जोलीनला हलकं वाटलं, आणि खरं तर तिथंच हा विषय संपायला हवा होता.

पण चार दिवसांनी पाटी पुन्हा तशी वाळली, आणि जोलीननं, निव्वळ लेप झिजलाय का ते बघायला, काचेआड जाऊन रिकाम्या पाटीचा फोटो घेतला. पडद्यावर सपाट करडा रंग यायला हवा होता. करडाच आला, आणि त्यात अगदी फिकट दोन फुप्फुसं.

याला धंद्यात नाव आहे. आधीच्या फोटोची छाप कधी कधी पाटीत रेंगाळते. पडछाया म्हणतात तिला. थोड्या वेळात आपोआप जाते, घाबरण्यासारखं काही नसतं. जोलीनला हे शिकवलेलं होतं, आणि तिनं ते स्वतःला मोठ्यानं सांगितलंही. फक्त त्या दिवशी सकाळपासून पाटीसमोर गुडघेच उभे राहिले होते, छाती एकही आलेली नव्हती.

तिनं थोडं थांबून पुन्हा फोटो घेतला. पडछाया गेली नव्हती. ती खुर्चीत बसून बघत राहिली, आणि खरं सांगायचं तर तिला आधी कौतुक वाटलं. फुप्फुसं काठोकाठ भरलेली, तळाच्या बरगड्यांपर्यंत उतरलेली, खांदे छान पुढे टाकलेले, जराही हालचाल नाही. आजारी माणसं इतका नीट श्वास रोखत नाहीत. कितीही समजावलं तरी रोखत नाहीत. असा शहाणा रोगी वर्षातून एखादा मिळतो.

कौतुक ओसरल्यावर तिनं दोन्ही फोटो पुसून टाकले आणि खोलीचं दार उघडं ठेवून बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिली.

४

रविवारी ती आइलीकडे गेली. आइली आणि तिचा नवरा आर्वो तळ्याच्या काठी राहतात. तळं गोठलेलं, अंगणात सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, धुराड्यातून धूर निघत होता, टेबलावर कॉफी आणि वेलदोड्याचा पाव. आइलीनं सगळ्यांची चौकशी केली, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा कुत्रा गेला. एक्स-रेच्या खोलीबद्दल चकार शब्द काढला नाही. शेवटी जोलीननंच विषय काढला.

"आइली, पाटी मधूनच वाळते."

आइलीनं साखर ढवळणं थांबवलं नाही. "रोज?"

म्हणजे आइलीला हे ठाऊक होतं. ती म्हणाली, आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा.

"त्यात कुणाला उभं केलंस?"

"नाही. पुन्हा पुसते. नीट वाळली की मगच घेते."

"शहाणी आहेस. मी पहिल्या वर्षी शहाणी नव्हते." आइलीनं चमचा बशीत ठेवला. "पुसायचं, थांबायचं. बाहेर कितीही बोंब मारू देत, त्यात माणूस उभा करायचा नाही."

"आणि पुसून गेलंच नाही तर?"

"मग आपण उभं राहायचं. थोडं उभं राहिलं की जातं. पण एकटीनं नाही हं. खोलीत कुणीतरी हवं."

कशाला, असं जोलीननं विचारलं. आइली उत्तर द्यायला लागली होती. तिनं श्वास घेतला, छाती वर आली, आणि ती तशीच राहिली. तोंड किंचित उघडं, नजर खिडकीबाहेर. जोलीनला वाटलं, शब्द शोधत असेल. पण ते फार लांबलं. वर आलेली छाती खाली येईना, ओठ निळसर पडले.

"आइली," आतल्या खोलीतून आर्वो म्हणाला. पेपरमधून मान वर न करता, मांजराला खाली उतर म्हणावं तितक्याच सहज. "सोड ग."

आइलीनं श्वास सोडला. "पाव घे की अजून," ती म्हणाली. "आमच्या दोघांत संपत नाही."

परतताना गाडीत जोलीनला रडू आलं. आपण ज्या थांबण्याला शिस्त समजत होतो, तक्रारपेटीत ज्याबद्दल चिठ्ठ्या पडायच्या, ते इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी चाललं होतं, आणि ही बाई त्याबद्दल कुणापाशी बोललीसुद्धा नव्हती.

५

फेब्रुवारीत निवृत्त खाणकामगारांचा आठवडा असतो. फुप्फुसांत किती धूळ बसली आहे, वाढली की आहे तिथंच आहे, ते बघायला सगळ्यांच्या छातीचे फोटो निघतात. आमच्याकडे ती एक जत्राच. कॉरिडॉरमध्ये कॉफीचं मोठं भांडं लागतं, कुणाच्या घरून पोतीत्सा, अक्रोड भरून गुंडाळलेला गोड पाव, येते, कुणाच्या घरून मांस भरून भाजलेली पेस्टी. अंगात कागदी गाऊन आणि डोक्यावर खाणीची टोपी अशा थाटात म्हातारे बसतात आणि एकमेकांच्या खोकल्याला गुण देतात.

जोलीन त्या आठवड्यात वाघासारखी लढली. पुसलं, थांबली, पुन्हा पुसलं. म्हातारे ओरडले, की पाटी पुसतेस की लग्नाला नटवतेस. ती ढिम्म हलली नाही. तीन वेळा तो आकार आला आणि तिन्ही वेळा तिनं तो पुसून घालवला. शुक्रवारी दुपारपर्यंत रांग संपली, भांड्याच्या तळाशी कॉफी उरली, आणि शेवटचा माणूस राहिला तो तिचा बाप.

फ्रँक झुपाननं हा फोटो दोन वर्षं टाळला होता. आपण ठीक आहोत असं तो सांगायचा. पण घराच्या पायऱ्या चढताना तो मध्येच थांबून बर्फ किती साचलंय ते न्याहाळायचा, उन्हाळ्यातही काहीतरी न्याहाळायचा, आणि जोलीनला ते कळत होतं. डॉक्टरांनी औषध बदलायचं की नाही ते या फोटोवर ठरवायचं होतं. आज तो आला होता तो तिनं आठवडाभर अबोला धरला म्हणून. आज परत पाठवला असता तर तो पुन्हा या दारात पाऊल टाकणार नव्हता.

तिनं पाटी पुसली. दोघं बापलेक शेजारी उभे राहून बघत होते. पाटी मधून वाळली.

तिनं पुन्हा पुसली. पुन्हा तेच. चौथं फडकं झालं, पाचवं झालं. तिनं औषध इतकं लावलं की खाली थेंब गळायला लागले, आणि त्या गळत्या ओलीतूनही ते रुंद खांदे शांतपणे वर आले, मग हनुवटी, मग बोटं.

"हे काय आहे ग?" फ्रँकनं विचारलं.

"लेप झिजलाय."

"मग झिजू दे. मला काय, मी उभा राहतो. थंडी वाजतेय मला या कागदात." आणि तो पुढे निघाला.

जोलीन मध्ये आली. बापाच्या छातीवर हात ठेवून तिनं त्याला स्टुलाकडे ढकललं, आणि ढकलताना तिला हाताखाली ती बारीक घरघर लागली. "पपा, तुम्ही इथं बसा. उठायचं नाही. मी एकदा उभी राहून बघते, मग तुमचा नंबर."

"तुझा कशाला फोटो?"

"बसा म्हणते ना."

तो बसला. खोलीत कुणीतरी होतं. त्या कुणीतरीनं करायचं काय, हे तिनं आइलीला विचारलंच नव्हतं.

६

पाटी तिच्यासाठी उंच होती. तिनं टाचा उचलल्या, हनुवटी कडेवर टेकवली, छाती भिडवली आणि हात वळवले. तिची बोटं मुठींच्या मागे गेली आणि तिथल्या कोरड्या, उबदार जागांवर बसली.

छातीत श्वास भरला. तिनं घेतला नव्हता. तो भरत गेला, बरगड्या ताणत, तळापर्यंत, तिच्या छातीत मावतो त्याच्यापेक्षा जास्त, आणि मग थांबला.

आता सोडावा, असं तिला वाटलं. आणि सोडता येईना. कुणी धरून ठेवलं नव्हतं, नाकातोंडावर काही दाबलेलं नव्हतं. शहाण्या रोग्याला जसं सोडता येत नाही, तसंच फक्त येत नव्हतं. अजून सांगितलं नव्हतं ना.

तिच्या डोळ्यांपुढे तिची स्वतःची काचेआडची खुर्ची आली. श्वास घ्या, रोखून धरा, असं म्हणायचं, बटण दाबायचं, चित्र आलं की सोडा म्हणायचं. पण कधी फोन वाजतो. कधी कुणी दारात येऊन काही विचारतं. आणि सोडा म्हणायचं राहून जातं. या कामातली प्रत्येक बाई कधी ना कधी ते विसरलेली आहे. रोगी बिचारा लालबुंद होऊन थांबतो, मग आपणहून सोडतो, आणि दोघंही हसतात. सगळेच आपणहून सोडत असतील, असं जोलीन आजवर धरून चालली होती.

पाटीचा पांढरा रंग करडा व्हायला लागला. कानांत ठोके पडत होते. मागे स्टुलावर बाप काहीतरी बोलत होता, गोठलेल्या तळ्यावरच्या मासे पकडायच्या झोपडीबद्दल, बर्फाच्या जाडीबद्दल. त्याला हाक मारायची तर श्वास लागतो.

७

फ्रँक बोलता बोलता थांबला. लेक उत्तर देत नाही याची त्याला सवय होती. पण तिचे खांदे वर गेले होते ते खाली येत नव्हते, आणि टाचा कापत होत्या.

"जोलीन. ए पोरी."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. तो येऊन तिला ओढेल, असं तिला वाटलं. तो आला नाही. त्याची पावलं दुसरीकडे गेली, घाईनं, मध्ये न थांबता. काचेआडच्या खोलीचं दार उघडलं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात ही मिठी इतक्या वेळा मारली, त्याला ती कशानं सुटते हे आईच्या नावाइतकं पाठ होतं.

छतातला भोंगा खरखरला. आणि बापाचा आवाज आला, पण बोली तिची, रोजची, कामाची, थोडी कंटाळलेली:

"हं. सोडा आता श्वास."

श्वास सुटला. जोलीन पाटीपासून मागे कोलमडली, गुडघ्यांवर पडली, खोकली, खोटी वाटावी इतकी गोड हवा आत घेतली. मग पाटीकडे पाठ करून, स्टुलाला धरून उठली. काचेआड बाप उभा होता, कागदी गाऊन आणि टोपी घालून, भोंग्याच्या बटणावर बोट ठेवून. तिला हसू आणि रडू एकदमच आलं. ती म्हणाली, पपा, बाहेर या, घरी जाऊ, फोटो नको.

तो हलला नाही. तो तिच्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर तिच्या डोक्यावरून मागे लागली होती, एखाद्या उंच माणसाच्या तोंडाकडे लागावी तशी. तोंडावर भीती नव्हती, किंवा होती ती मागाहून आली. आधी, खाणीच्या फाटकाशी जुना सोबती दिसावा, तसा त्याचा चेहरा सैल झाला.

जोलीननं वळून पाहिलं नाही. तिनं बापाच्या तोंडावरून नजर काढली नाही. त्यानं सावकाश टोपी काढली आणि पुन्हा बटण दाबलं.

"सोड, गड्या," तो म्हणाला. आता आवाज त्याचाच होता. "झाला तुझा फोटो. सोड आता."

तिच्या मानेवरचे केस हलले. ऊब आली, ओलसर, लोखंडाच्या धुळीच्या वासाची, आणि ती येतच राहिली. एका माणसाच्या छातीत इतका श्वास मावत नाही.